रजेवरच्या बाईंच्या जागी

मला फक्त एक कागद हवा होता. वर दुसऱ्या कुठल्या तरी कंपनीचं छापील नाव, मध्ये ‘आपली निवड झाली आहे’ एवढं वाक्य आणि खाली कुणाची तरी सही. तो मी लेकीच्या ताटाशेजारी ठेवणार होते, तिचं वाचून होईपर्यंत काही न बोलता वाढत राहणार होते आणि मग तिच्यादेखत त्याचे चार तुकडे करणार होते. पुढचं सगळं रामायण एवढ्या हौसेपायी घडलं.

लेक एकोणतीस वर्षांची आहे आणि ही तिची सातवी नोकरी. ती राजीनामा देते तेव्हा आता घरात कुणी दचकतही नाही. मी पडदे धुवायला काढते, तशी ती नोकरी बदलायला काढते. त्या रविवारी जेवताना तिने आठवीचं सूतोवाच केलं आणि आई या नात्याने जे बोलायचं ते मी बोलले. जरा कुठे टिकून राहायला शीक. माझ्याकडे बघ. चोवीस वर्षं एक कारखाना, एक टेबल. लेकीने घास संपवला आणि अगदी प्रेमाने, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारलं, “पण आई, तुला दुसरीकडे कधी कुणी बोलावलं का गं?”

आमचे हे त्याच वेळी घाईघाईने पाणी प्यायला लागले. लग्नाला एकतीस वर्षं झाली आहेत. हसू लपवायला माणूस किती पाणी पितो हे मला चांगलं माहीत आहे.

मी बटणांच्या कारखान्यात असते, नमुना विभागात. आमच्याकडे एक हजार चारशे बारा प्रकारची बटणं होतात. त्यांतलं एकेक जाड पुठ्ठ्यावर टाचायचं, खाली क्रमांक घालायचा आणि ते पुठ्ठे गिऱ्हाइकांना पाठवायचे. शिवाय कुणी कुठलं तरी जुनं, फुटकं बटण पाकिटात घालून पाठवतं आणि याच्या जोडीचं द्या म्हणतं. ते मी बोटांनी ओळखते. डोळे मिटून, पिशवीत हात घालून. कुणी शिकवलं नाही, बसून बसून आलं. या विद्येला आमच्या दाराबाहेर काडीचं गिऱ्हाईक नाही, हे मलाही कळत होतं. पण ते असं ताटावर बसलेली असताना कुणी काढू नये.

दुसऱ्याच दिवशी मी बायोडाटा लिहायला घेतला. ‘अनुभव’ या मथळ्याखाली एक ओळ झाली. मग कागद बराच वेळ तसाच राहिला. शेवटी समोरच्या बिऱ्हाडातल्या हेडक्लार्कना दाखवला. ते निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पण सगळा जिना त्यांना अजून हेडक्लार्कच म्हणतो. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद लांब धरला आणि म्हणाले की वहिनी, हे फारच मोकळं दिसतंय, या चोवीस वर्षांचे पाच तुकडे करा. प्रारंभिक काळ, उभारणीचा काळ, असं. मी म्हटलं, पण पाचही काळांत मी तेच करत होते. ते म्हणाले, ते वाचणाऱ्याला कुठे माहीत आहे. त्यांच्या सौ. आतून म्हणाल्या की मुलाखतीला चष्मा लावून जाऊ नका, चष्म्यात तुम्ही पोक्त दिसता. दोन्ही सल्ले मी मानले. माझ्यात हा दोष लहानपणापासून आहे.

ज्या कंपनीने बोलावलं ती नेमकी चेन बनवणारी निघाली. पँटला, पिशवीला लावतात ती चेन. बाहेरच्या माणसाला यात काही वाटणार नाही. पण आमच्या कारखान्यात हा शब्द कुणी मोठ्याने उच्चारत नाही. आमच्या एका मुकादमाच्या मुलाने चेनवालं जाकीट आणलं तेव्हा ते दोन हिवाळे घराच्या मागच्या दाराने ये-जा करत होतं. अशा शत्रूच्या गोटात मी शिरले, तेही बिनचष्म्याने. स्वागतकक्षात एका उंच, सडपातळ गृहस्थांना मी दोनदा विचारलं की मुलाखती कुठे चालल्या आहेत. त्यांनी उत्तर दिलं नाही. काय माणसं आहेत, असं मनात म्हणत जवळ गेले तर तो कोट अडकवायचा खांब होता.

आत तिघेजण बसले होते. पहिल्याने विचारलं, पाच वर्षांनंतर तुम्ही स्वतःला कुठे पाहता? मी त्रेपन्न वर्षांची आहे, आमच्याकडे अठ्ठावन्नला निवृत्ती. मी खरं ते सांगितलं, “घरी.” दुसऱ्याने विचारलं की उभारणीच्या काळात नेमकं काय उभारलंत? मला आठवेना, कारण ते हेडक्लार्कनी उभारलं होतं. सगळं संपलं असं धरून मी उठले, आणि निघता निघता जिभेने घात केला. मधल्या साहेबांच्या शर्टाचं तिसरं बटण टेबलावरच्या दिव्यात चमकत होतं. मी म्हटलं, वरची दोन आमची आहेत, सहाशे अठरा नंबरची, पण तिसरं मागून कुणीतरी दुसरं लावलंय, त्याची कड जरा धारदार आहे, काज फाटेल. साहेबांनी मान खाली घातली. तिथे काज खरोखरच फाटत आलं होतं.

आठवड्याने निरोप आला. माल तपासायला अशीच नजर हवी आहे, महिनाअखेरपर्यंत जागा धरून ठेवतो, फक्त सध्याच्या कंपनीचं अनुभवाचं प्रमाणपत्र आणा, मग निवडीचं पत्र देतो. माझी नजर! मी तर त्या दिवशी चष्मा घातला नव्हता.

आमच्याकडे असले कागद एचआरचे साहेब देतात. साहेब तिशीचे, येऊन तीन महिने झालेले, ही त्यांची पाचवी कंपनी. अत्यंत सभ्य. त्यांनी माझी फाइल मागवली, उघडली, बंद केली, पुन्हा उघडली आणि उठून दार लोटून घेतलं. मला वाटलं चेनवाल्यांचं कळलं.

“मॅडम,” ते हळू आवाजात म्हणाले, “तुम्ही आमच्याकडे नाही आहात.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. चोवीस वर्षांपूर्वी नमुना विभागातल्या एक बाई पंधरा दिवसांच्या रजेवर गेल्या. त्यांच्या जागी पंधरा दिवसांसाठी मला घेतलं. त्या आल्या नाहीत. आमचे तेव्हाचे विभागप्रमुख, आता हयात नाहीत, मोठे मायाळू गृहस्थ, पण नवी भरती म्हणजे वीस सह्या, आणि रजा वाढवणं म्हणजे एक चिठ्ठी. त्यांनी दर तीन महिन्यांनी चिठ्ठी केली. ते निवृत्त झाल्यावर पुढच्याने, आधीच्याने केली म्हणून, तीच पुढे चालू ठेवली. कागदोपत्री त्या बाई आजही रजेवर आहेत आणि त्या येईपर्यंत मी त्यांचं टेबल सांभाळते आहे. प्रत्येक चिठ्ठीवर माझी सही होती. फिकट हिरव्या चिठ्ठ्या. एकूण शहाण्णव.

मला त्या चिठ्ठ्या आठवत होत्या. मी समजत होते त्या कपाटाच्या किल्लीसाठी असतात. औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर पत्ता आणि पिनकोडापर्यंत वाचणारी बाई मी, आणि शहाण्णव वेळा किल्लीची म्हणून सही ठोकत गेले. किल्ली मात्र मला मिळालीच आहे, हे नमूद करते.

आता हे उघडकीला आलं म्हटल्यावर साहेबांना तसं ठेवता येईना. महिनाअखेरीला तपासणी होती. एक तर त्या बाईंनी हजर व्हायचं, नाही तर स्वतःच्या हाताने राजीनामा द्यायचा. दोन्ही झालं नाही तर ती जागाच रद्द होणार, विभाग गोदामात विलीन, आणि माझं काम संपलं. हातात बावीस दिवस होते. चेनवाल्यांचं विचाराल, तर चोवीस वर्षं दुसऱ्या बाईंच्या रजेत काढली असं प्रमाणपत्र घेऊन मी तिथे कोणत्या तोंडाने जाणार होते? जो कागद फाडायचा होता त्याच्या नादात मी पायाखालची फरशीच उचकटली होती.

घरी सांगितलं. ह्यांना राहवेना. म्हणाले, “म्हणजे चोवीस वर्षं मी तुला जो डबा भरून देतोय, तो त्या बाईंचा?” लेक हसायला लागली होती, माझ्याकडे बघून थांबली. जवळ येऊन बसली आणि काहीच बोलली नाही. लेक बोलली नाही म्हणजे परिस्थिती गंभीर आहे. हेडक्लार्कना मात्र अकरा वर्षांत पहिल्यांदा खरं प्रकरण मिळालं. ते कागद-पेन्सिल घेऊनच आले आणि त्यांचं मत पडलं की त्या बाईंना शोधायला जाऊच नये, कारण शोधलं आणि त्या हजर झाल्या तर ज्येष्ठता त्यांची, टेबल त्यांचं, आणि माझी चोवीस वर्षं त्यांच्या नावावर. एवढं बोलून त्यांनी दुसरा चहा मागितला. लेक म्हणाली, “काका, नाही शोधलं तर महिनाअखेरीला हिचं टेबलच जातंय. शोधायचंच.”

लेकीने रजा टाकली. सातवी सोडून झाली होती, आठवीत रुजू व्हायचं होतं, मग रजा कुठून टाकली ते मी विचारलं नाही. फाइलीतला पत्ता जुना होता. तिथल्या घरमालकीणबाईंना एवढंच आठवत होतं की त्या पुढे एका दातांच्या दवाखान्यात लागल्या. दवाखान्यातून कळलं की त्या तिथून छपाईच्या दुकानात गेल्या. तिथून मोटार शिकवणाऱ्या शाळेत, तिथून काचेच्या दुकानात, आणि असंच पुढे. तीन दिवस आम्ही मायलेकी एका बाईच्या नोकऱ्यांमागून शहरभर हिंडत होतो. आणि खरं सांगायचं तर मला त्या बाईचा मत्सर वाटायला लागला. प्रत्येक ठिकाणी ती काही ना काही ठेवून गेली होती. दवाखान्यातले खण तिने लावले तसेच अजून होते. छपाईवाला म्हणाला, त्या दिवसभर गुणगुणत, त्या गेल्यावर यंत्राचा आवाज ऐकू यायला लागला. काचवाला मात्र रागावलेला होता. सात महिनेच राहिल्या, म्हणाला, आणि एवढी माणसं आली-गेली पण त्यांच्याएवढी आठवण कुणाची येत नाही. एका नोकरीत चोवीस वर्षं काढून माझी आठवण कुणाला यायची सोयच नव्हती. मी जातच नव्हते ना.

चौथ्या दिवशी त्या सापडल्या. पोहण्याच्या तलावावर, तिकीटखिडकीत. साठीला आलेल्या, केस पुरुषासारखे कापलेले, गळ्यात शिट्टी. लेक बाहेर थांबली, मी आत जाऊन सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि मधेच कुणी ओल्या पायांनी पळालं की शिट्टी वाजवत होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, “माझी रजा अजून चालू आहे?”

मी म्हटलं, हो.

त्या इतक्या हसल्या की खिडकीतलं सुट्ट्या तिकिटांचं बंडल खाली पडलं. हसू ओसरल्यावर मात्र तोंड उतरलं. त्या पंधरा दिवसांची रजा त्यांनी आजारपण सांगून घेतली होती आणि खरं म्हणजे दवाखान्यातली नोकरी चालते का ते बघायला गेल्या होत्या. ती चालली. पण विभागप्रमुखांनी रजा देताना स्वतःच्या घरचं थर्मामीटर त्यांच्या हातात ठेवलं होतं, नीट ताप बघत जा म्हणून. त्यांना तोंड दाखवायचं धाडस होईना. आज जाऊ, उद्या जाऊ. “बाकीच्या अकरा ठिकाणांहून मी समोर उभी राहून सांगून निघाले,” त्या म्हणाल्या. “तिथेच तेवढं जमलं नाही. अजून त्या रस्त्याने जात नाही मी, फेरा घालते.”

मग त्यांनी खाली पडलेलं बंडल उचलून जागेवर ठेवलं. त्यांनी विचारलं, नमुना विभाग अजून पूर्वेच्याच बाजूला आहे का? मी हो म्हटलं. शिंपल्याची बटणं येतात का अजून? येतात. त्यांनी उजव्या हाताची दोन बोटं एकमेकांवर अशी फिरवली, आणि ती खूण मी कुठेही ओळखली असती. कड तपासायची ती. मला वाटत होतं ती जगात मी एकटीच करते.

“इथे वर्षभरात कंटाळा येणारच आहे मला,” त्या म्हणाल्या. “म्हणजे उद्या मी येऊन बसले, तर बसू शकते?”

कायद्याने बसू शकत होत्या. मला खोटं बोलता आलं असतं, पण ते मला धड जमत नाही, ‘उभारणीचा काळ’ही जमला नव्हता. मी म्हटलं, बसू शकता.

“आणि तुम्हाला तर दुसरीकडे मिळतेय म्हणालात. चेनमध्ये.”

“मला चेनमधली नकोय,” मी म्हटलं. माझा आवाज भलताच चढला, रांगेतली दोन माणसं वळून बघायला लागली. “मला ती जागा हवी आहे. तुमची. माझी. ते टेबल मला पाहिजे.”

चोवीस वर्षांत हे मी कुणाला म्हटलं नव्हतं. लेकीला नाही, ह्यांना नाही, ज्यांनी विचारायला हवं होतं त्यांना तर नाहीच. मला घेतलं म्हणून मी गेले आणि कुणी जा म्हटलं नाही म्हणून राहिले. आणि ते पहिल्यांदा बोलले ते पोहण्याच्या तलावावर, क्लोरीनच्या वासात, एका शिट्टीवाल्या बाईसमोर.

त्यांनी तिकिटांच्या वहीतला एक कोरा कागद फाडला. राजीनामा लिहायला त्यांना दोन मिनिटंही लागली नाहीत. एवढ्या वेळा लिहिलेला, हात बसलेला. इतका रेखीव मजकूर मी कधी वाचला नव्हता. मान राखलेला, आभार मानलेले आणि विनवणी कुठेच नाही. खाली त्यांनी दिवंगत विभागप्रमुखांची माफी मागणारी एक ओळ जोडली, ती खोडली आणि पुन्हा लिहिली. मग कागद माझ्या हातात देऊन म्हणाल्या, “नीट वाचून घ्या हं.” त्यांना चिठ्ठ्यांचं सांगितल्याचा मला पश्चात्ताप झाला.

साहेबांनी तो राजीनामा दोन्ही हातांनी घेतला. म्हणाले, उत्तम, आता जागा रिकामी झाली. मी म्हटलं, मग द्या. ते म्हणाले, रिकामी झाली म्हणजे जाहिरात द्यायला लागेल, अर्ज मागवायला लागतील. तुम्हीही अर्ज करू शकता, मॅडम. त्याच आठवड्यात चेनवाल्यांचं पत्र आलं. प्रमाणपत्र मागाहून चालेल, असं फाटक्या काजाच्या साहेबांनी हाताने लिहिलं होतं. मी ते ठरल्याप्रमाणे लेकीच्या ताटाशेजारी ठेवलं. तिने वाचलं आणि उठून मला मिठी मारली. म्हणाली, घे आई, मस्त आहे, घे. मी ते फाडणार होते, पण पत्राचा कागद इतका छान जाड होता की हात होईना. सध्या ते कपाटात आहे आणि आल्यागेल्याला मी ते कपाट काही ना काही कारण काढून उघडते.

लेकीला मात्र सांगितलं की मी अर्ज आमच्याकडेच करतेय. तिने ताट बाजूला सारलं. वाद घालेल म्हणून मी तयारीत होते. ती म्हणाली, “बरं. पण या वेळी अनुभव एका ओळीत लिहायचा नाही,” आणि रात्रीचं जेवण गार होईपर्यंत मला प्रश्न विचारत बसली. किती प्रकार, किती पुठ्ठे, परत आलेली किती, चुकलेली किती. अर्ज अडीच पानं भरला. त्यात एकही काळ हेडक्लार्कचा नव्हता. ते वाचून ते जरा खट्टू झाले.

छापील अर्जात एक रकाना होता : सध्याची नोकरी सोडण्याचं कारण. मी लिहिलं, मुदत संपल्यामुळे.

आम्ही तीन उमेदवार होतो. बाकीच्या दोघी इतक्या हुशार आणि चटपटीत होत्या की बाहेर बाकावर मला घाम फुटला. प्रात्यक्षिकात पन्नास बटणांच्या जोड्या लावायच्या होत्या. घाबरून मी एकेक बटण चार-चारदा चाचपत होते. सत्तेचाळीस बरोबर आल्या. एरवी मी पन्नासच्या पन्नास लावते, हे मी तिथे तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा साहेब फार सभ्यपणे हो म्हणाले.

पहिल्या तारखेला मी रुजू झाले. साहेबांचा नियम असा की नव्या माणसाला ते स्वतः सगळीकडे फिरवतात. मी म्हटलं, अहो, राहू द्या. ते म्हणाले, नाही मॅडम, पद्धत आहे. त्यांनी मला फाटक दाखवलं, कॅन्टीन दाखवलं, प्यायचं पाणी दाखवलं. नमुना विभागात नेऊन म्हणाले, या आपल्या नव्या बाई. माझ्या शेजारच्या टेबलावरचा, ज्याच्या तिन्ही पोरांच्या बारशाला मी झबली शिवून नेली, तो उठून उभा राहिला आणि अगदी गंभीरपणे स्वतःचं नाव सांगून म्हणाला, काही अडलं तर विचारा. मीही मान हलवून बरं म्हटलं. हसायची आमची कुणाची टाप नव्हती, साहेब इतक्या मनापासून करत होते.

मग ते मला एका जिन्याने वर घेऊन गेले. हा जिना मी रोज बघत होते, वर पाण्याची टाकी असेल असं समजत होते. पंधरा दिवसांसाठी आलेल्या बाईला कोण कशाला वर नेणार, आणि नंतर विचारायचं सुचलं नाही. वर गच्ची होती. बाकं, कुंड्या, दोन छत्र्या. आमचे लोक जेवणाच्या सुट्टीत जातात कुठे, हा मला चोवीस वर्षं पडलेला प्रश्न तिथे सुटला. वारा सुटला होता, सगळं शहर खाली पसरलं होतं आणि मला लाज वाटायच्या ऐवजी भूक लागली.

साहेबांनी तिथेच शेवटचा कागद काढला. मी तो उभ्या उभ्या पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. पाठीमागची बाजूही बघितली. सहा महिने परीक्षेचा काळ, असं त्यात लिहिलं होतं.

“या सहा महिन्यांत आम्ही तुमचं काम बघू,” ते म्हणाले. “आणि तुम्हालाही जमत नाही असं वाटलं, तर सात दिवस आधी सांगून सोडता येईल.”

“म्हणजे मीही तुम्हाला बघायचं?”

“हो मॅडम. दोन्ही बाजूंनी असतं ते.”

हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मी सही केली, पेन त्यांना परत दिलं आणि एका बाकावर जाऊन बसले.

“ठीक आहे,” मी म्हटलं. “बघते.”